मुळांच्या छाटांवरून नवी झाडं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मुळांच्या छाटांविषयी आम्ही चारच ओळी लिहिल्या होत्या. काही झाडांच्या जाड मुळाचा तुकडा वाळूत पुरला तर त्यातून नवा कोंब फुटतो, एवढंच त्यात होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांपैकी एकेक निवडून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या परसात नीरफणसाचं जुनं झाड आहे. फळात बी नसते. फांद्या लावून पाहिल्या, त्या कुजल्या. मुळापासून रोप नेमकं कसं करायचं? (गुहागर)

नीरफणसाला, म्हणजे विलायती फणसाला, बी नाही म्हणूनच त्याची रोपं पिढ्यान्‌पिढ्या मुळांवरून होत आली. १७८७ साली ब्रिटिशांचं ‘बाउंटी’ जहाज ताहितीहून वेस्ट इंडीजला हा फणस न्यायला निघालं, तेव्हा पोत्यात बी भरून आणण्याची सोयच नव्हती. हजाराहून अधिक जिवंत रोपं कुंड्यांत घालून जहाजावर चढवावी लागली. १७८९ मध्ये खलाशांनी बंड केलं आणि ती रोपं समुद्रात गेली. पुढे १७९३ मध्ये दुसऱ्या जहाजाने आणलेली रोपं तिथे पोचली.

आता तुमच्या झाडाकडे वळू. वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. पावसाळ्यात केलेल्या कष्टाने मुळात पिष्ट साठलेलं असतं, आणि तुकड्याला पुढचे काही महिने त्या शिदोरीवरच काढायचे असतात. झाड जोरात पालवत असेल किंवा फळांनी लगडलेलं असेल तर थांबा, कारण तेव्हा ही शिदोरी वर गेलेली असते. कोकणात ऐन पावसाळ्यात हे करूच नये. कापलेलं मूळ चार दिवसांत बुरशीने काळं पडतं.

या झाडाची मुळं उथळ असतात, त्यामुळे खोल खणावं लागत नाही. बुंध्यापासून दीड-दोन मीटर लांब जाऊन एकाच बाजूची माती हाताने आणि छोट्या खुरप्याने बाजूला करा. अडीच ते सहा सेंटिमीटर जाडीचं, साल गुळगुळीत असलेलं मूळ निवडा. एका वर्षी तीन-चार मुळांपेक्षा जास्त घेऊ नका आणि चारी बाजूंनी तर मुळीच नको, नाहीतर वाऱ्यात झाडाचा तोल जाईल. मूळ करवतीने कापा. कोयत्याच्या घावाने साल चेचते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. उरलेल्या भागावर लगेच माती लोटा.

तुकडे वीस-बावीस सेंटिमीटर लांबीचे करा. कापतानाच एक खूण ठेवा : बुंध्याकडचं टोक सरळ कापायचं, लांबचं टोक तिरकं. ही खूण पुढे नीरफणसाला फारशी लागत नाही, कारण त्याचे तुकडे आडवेच ठेवतात. पण सवय चांगली आहे, इतर झाडांना तिच्याशिवाय चालत नाही. तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत न्या. अर्धा तास उन्हात राहिलेल्या मुळाकडून अपेक्षा ठेवू नये.

दोन्ही टोकांतून पांढरा चीक येईल. टोकं पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवली की चीक गोठतो. मग विटांच्या चौकटीत पंधरा-वीस सेंटिमीटर जाड थर होईल एवढी जाडसर नदीची वाळू घ्या. समुद्राची वाळू खारट, ती चालणार नाही. तुकडे आडवे, एकमेकांच्या जवळजवळ मांडा आणि जेमतेम झाकतील एवढीच वाळू वर पसरा. वर सावलीसाठी झापांचा मांडव किंवा शेडनेट हवं. झारीने रोज पाणी द्या, पण वाळू मुठीत दाबली तर थेंब गळता कामा नये. शेणखत, गांडूळखत यातलं काहीही या वाळूत घालू नका. खायला मुळंच नाहीत अजून, आणि ओलसर शेणखतामागोमाग वाळवी आणि हुमणी येते.

सहा आठवड्यांनी कापलेल्या टोकांवर पांढरट गाठीसारखी वाढ दिसेल. कोंब आणि मुळं धरायला मात्र दोन ते पाच महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात ‘मेला असेल’ म्हणून उकरून बघणारे हातची रोपं घालवतात. एका तुकड्यावर दोन-तीन कोंब आले तर सगळ्यांत जोमदार ठेवून बाकीचे खुडा. मुळं धरल्यावर तुकडा मोठ्या पिशवीत थोडा तिरपा लावा, नियमित पाणी द्या आणि रोप दोन फुटांचं झाल्यावरच जमिनीत हलवा. त्यासाठी जूनचा दुसरा पंधरवडा बरा.

इतकी उठाठेव नको असेल तर आणखी एक रीत आहे, आणि घरच्यापुरत्या दोन रोपांसाठी आम्ही तीच सुचवू. मूळ तोडूच नका. माती बाजूला करून मुळाच्या वरच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी साल खरवडा, पातळ माती पसरा आणि ओल ठेवा. जखमेजवळून फुटवा येतो. तो वीतभर झाला की आधी बुंध्याच्या बाजूने मूळ तोडा, महिनाभर तसंच राहू द्या, मग दुसरी बाजू तोडून मातीसकट उचला. आईचं दूध अचानक तुटत नाही, म्हणून यात मर कमी होते.

प्रश्न : हळदीचा तुकडा उगवतो, मग शतावरीच्या मुळीचा का उगवत नाही? डेलियाचे कंदही वेगळे करून लावले, एकालाही कोंब आला नाही. (कोल्हापूर)

कारण हळद हे मूळ नाही. हळद, आलं, कर्दळ यांचा जमिनीतला भाग हे आडवं वाढणारं खोड आहे. त्याला पेरं असतात, पेरांवर डोळे असतात. डोळा असलेला तुकडा उगवणारच.

खऱ्या मुळाला डोळा नसतो. छाट उगवायचा म्हणजे मुळाला आपल्या पेशींतून नवा डोळा घडवावा लागतो, आणि ही ताकद सगळ्या झाडांत नाही. रताळ्यात आहे, म्हणून फुगलेलं मूळ असूनही रताळं वेल देतं. शतावरीच्या पांढऱ्या मुळ्यांत आणि डेलियाच्या कंदांत ती नाही. दोघांचेही डोळे मुळांच्या माथ्यावर, जुन्या खोडाच्या बुडाशी असतात. डेलिया विभागताना प्रत्येक कंदासोबत त्या बुडाची डोळ्यासकट फाक आली पाहिजे. शतावरीचं बेट उभं कापून प्रत्येक भागाला एखादा कोंब आणि पाच-सहा मुळ्या राहतील असं करा. नुसती मुळी कितीही गुबगुबीत असली तरी ती फक्त कोठार आहे.

प्रश्न : बुचाच्या मुळाचे सहा तुकडे लावले. महिन्याभरात चार फुटले, छान हिरवी पानं आली. मोठ्या कुंडीत हलवले तर आठ दिवसांत चारही सुकले. पाणी कमी पडलं का? (पुणे)

पाणी कमी पडलं नाही, घाई झाली. ही चूक इतक्या पत्रांत आहे की तिच्यावर जरा थांबू.

फांदीचा छाट आणि मुळाचा छाट यांचा क्रम उलटा असतो. फांदीला डोळे आधीच असतात, तिला मुळं करायची असतात. मुळाचा तुकडा आधी कोंब काढतो आणि नवी शोषक मुळं नंतर, कधी कधी महिन्याभराने. मधल्या काळात जी हिरवी पानं दिसतात ती तुकड्यातल्या साठ्यावर जगत असतात. तुम्ही पानं पाहून रोप तयार झालं असं धरलंत. मुळाविना ते कुंडीतल्या मोकळ्या हवेला आणि उन्हाला तोंड देऊ शकलं नाही.

ओढून बघण्याने नवी मुळं तुटतात, म्हणून एक साधी युक्ती करा. पाण्याची एक लिटरची पारदर्शक बाटली वरून कापा, तळाला चार-पाच भोकं पाडा, निम्मी जाडसर वाळू आणि निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा आणि बाटलीभोवती काळा कागद गुंडाळा. तुकडा कडेला टेकेल असा लावा. आठवड्यातून एकदा कागद सोडून बघा. पांढरी मुळं बाटलीच्या कडेने तीन-चार ठिकाणी दिसली, त्यांना फाटे फुटले, की मग हलवा. हलवल्यावरही पंधरा दिवस सावलीत ठेवा. कधी कधी नवी मुळं तुकड्याला न येता कोंबाच्या बुडाला येतात आणि जुना तुकडा कुजून जातो. त्याने घाबरू नका, रोप स्वतःच्या पायावर उभं असतं.

बुचाच्या बाबतीत ही खटपट करण्याजोगी आहे, कारण आपल्याकडे त्याला बी क्वचितच धरतं. अंगठ्याएवढं जाड मूळ, दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा, उभा लावायचा. सरळ कापलेलं टोक वर, मिश्रणाच्या पातळीला येईल असं, आणि वर बोटाच्या पेराएवढी वाळू. टोकं उलटी झाली तरी तुकडा आपली मूळ दिशा विसरत नाही : कोंब खालच्या अंगाला येतो, अंधारात वळसे घेतो आणि बहुतेक वेळा वर येण्याआधी कुजतो. वरखाल विसरलात तर अंदाज करत बसू नका, आडवं ठेवा.

प्रश्न : मुळ्या फुटण्याची पावडर लावूनही मुळांचे छाट फुटले नाहीत. जास्त लावायला हवी होती का? (सातारा)

मुळीच लावायला नको होती. त्या पावडरीतलं ऑक्सिन मुळं फुटायला मदत करतं आणि नवे डोळे तयार होण्याला अडवतं. फांदीच्या छाटाला ते हवंच, पण मुळाच्या छाटाला आधी डोळा हवा आहे. त्याऐवजी बुरशीचा बंदोबस्त करा. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घालून तुकडे दहा मिनिटं बुडवा, सावलीत पाणी निथळू द्या आणि लावा. हातमोजे घालायला विसरू नका.

प्रश्न : कढीपत्त्याच्या झाडाभोवती पुष्कळ फुटवे येतात. उपटून लावले की मरतात. (नागपूर)

उपटलेल्या फुटव्याला बहुधा स्वतःचं मूळ नसतं. तो थोरल्या झाडाच्या आडव्या मुळावर उगवलेला असतो, आणि उपटताना त्या मुळापासून सालीसकट निसटतो. बुडाशी एका बाजूला फाटलेली साल दिसली तर हेच झालं असं समजा.

जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर वीत-दीड वीत उंचीचा फुटवा निवडा. त्याच्या आणि बुंध्याच्या मध्ये, फुटव्यापासून चार बोटं अंतरावर, धारदार कुदळ किंवा पहार सरळ खाली घालून मूळ तोडा. फुटवा जागचा हलवू नका. तीन-चार आठवड्यांत तो स्वतःची मुळं करतो. मग निम्मी पानं छाटून मातीच्या गोळ्यासकट उचला. विदर्भात ऑगस्टनंतर हे काम टाळा, पुढे ऑक्टोबरचं ऊन त्याला सोसत नाही.

झाडाभोवती फुटवे येतच नसतील तर बुंध्यापासून दोन फुटांवर कुदळीने एक-दोन मुळं मुद्दाम तोडा. तुटलेल्या मुळाच्या टोकाशी धुमारे येतात. बियांपासूनही रोप होतं, पण पिकलेलं काळं फळ चोळून बी त्याच आठवड्यात पेरावं. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही.

प्रश्न : सर्पगंधा आणि चित्रक लावायचे आहेत. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली मुळं लावली तर चालतील का? (अकोला)

नाही. दुकानातलं मूळ वाळवलेलं, म्हणजे मेलेलं असतं. सर्पगंधेची ताजी मुळं लागवड करणाऱ्याकडून किंवा रोपवाटिकेतून घ्या, जंगलातून खणून आणू नका. अडीच ते पाच सेंटिमीटरचे तुकडे मार्च ते जूनमध्ये वाफ्यात पाच सेंटिमीटर खोल, दाट लावा आणि ओल तुटू देऊ नका. महिन्याभरात कोंब येतात, पण निम्मेच फुटतील असा हिशेब ठेवा. मुळाच्या पाच सेंटिमीटर भागावर खोडाचं थोडं बूड राखून तसा खुंट लावला तर दहापैकी नऊ जगतात. कारण उघड आहे : बुडावर डोळे तयार असतात. झाड उपटायचंच असेल तेव्हा वरचा खुंट लागवडीला आणि खालचं मूळ औषधाला, अशी वाटणी करा.

चित्रकासाठी मात्र मुळांच्या वाटेला न गेलेलं बरं. त्याच्या मुळात प्लंबॅजिन असतं. रस त्वचेला लागला की आग होते, फोड येतात. तीन पेरांचे अर्धपक्व फांदीचे छाट पावसाळ्यात सहज मुळ्या धरतात.

प्रश्न : सरदार पेरूच्या बागेत नांगर लागला तिथून मुळांवर फुटवे आले आहेत. ते वाढवून नवी ओळ लावली तर फळ तेच मिळेल? (राहाता)

ते तुमची बाग कशा रोपांची आहे यावर आहे. ‘सरदार’ ही पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेली जात. तिची रोपं गुटी किंवा दाब कलमाने, म्हणजे झाडाच्याच फांदीला मुळं फोडून, केलेली असतील तर झाड मुळापासून शेंड्यापर्यंत सरदारच आहे आणि फुटवाही सरदार. पाचर कलमाची, म्हणजे दुसऱ्या रोपावर सरदारची काडी बसवलेली, रोपं असतील तर जमिनीखालचा भाग बियांच्या रोपाचा, म्हणजे खुंटाचा आहे. मुळावर आलेला फुटवा त्या खुंटाचा, त्याचं फळ कसं निघेल ते सांगता येणार नाही. बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, सालीचा पोत बदललेला किंवा फुगवटा दिसतो का पाहा. खरेदीची पावती असेल तर तिच्यावर कलमाचा प्रकार असतो. कलमी बेल, कलमी गुलाब यांनाही हाच नियम.

आणि गुटीची बाग असली तरी आधी एक मूळ उकरून बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी, आहेत. मर रोग झालेल्या झाडाजवळचा फुटवाही नको. मुळाचा छाट जमिनीतला रोग जसाच्या तसा नव्या जागी नेतो. अशा बागेत मुळांवरून रोपं करण्याचा विचारच सोडा.

प्रश्न : इथे थंडीत फ्लॉक्स, ओरिएंटल पॉपी, जॅपनीज अॅनिमोनी ही फुलझाडं जमिनीत झोपलेली असतात. तेव्हा मुळांचे छाट घ्यावेत का? पांढऱ्या कडेच्या पानांचा फ्लॉक्सही आहे. (लीड्स, ब्रिटन)

हो, तुमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, आणि तिन्ही झाडं या रीतीला उत्तम. झाड खणून काढा, मुळं धुवा, एकतृतीयांशापेक्षा जास्त न घेता झाड परत लावा. पॉपीचं मूळ जाड असतं. माथ्याजवळच्या भागाचे पाच ते दहा सेंटिमीटरचे तुकडे उभे लावा. फ्लॉक्स आणि अॅनिमोनीची मुळं बारीक, त्यांना वर-खाली शोधत बसू नका. सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे ट्रेमध्ये आडवे पसरा आणि सेंटिमीटरभर मिश्रणाने झाका. वर बारीक खडीचा थर द्या. एकदा नीट पाणी देऊन काचेच्या झाकणाच्या, न तापवलेल्या पेटीत (कोल्ड फ्रेम) ठेवा. हिवाळाभर पाणी जवळजवळ नकोच. मराठी घरातली रोज झारी फिरवायची सवय इथे घातक ठरते.

फ्लॉक्सला या रीतीचा एक मोठा फायदा आहे. त्याच्या देठांत आणि पानांत राहून त्यांना वेडंवाकडं करणारा सूत्रकृमी मुळांत नसतो. रोगट झाडाच्या मुळांचे धुतलेले छाट नव्या जागी लावले तर निरोगी रोपं मिळतात. पेरूच्या अगदी उलट.

पांढऱ्या कडेचा फ्लॉक्स मात्र असा करू नका, साधा हिरवा निघेल. पांढरेपणा खोडातल्या पेशींच्या एखाद्याच थरात असतो, मुळात नवा डोळा तयार होतो तो आतल्या थरातून. पिवळ्या कडेच्या सापपट्टीच्या (स्नेक प्लांट) पानाचा तुकडा लावला की हिरवंच रोप येतं, त्यातलंच हे. बिनकाटेरी ब्लॅकबेरीच्या काही जातींत मुळाच्या छाटातून काटे परत येतात, तेही याच कारणाने. अशा झाडांचं बेट वसंतात फोडून लावा.

प्रश्न : हरणखुरी जितकी खुरपावी तितकी वाढते. ही पण मुळांचीच करामत का? (लातूर)

होय. तिचं पांढरं मूळ खोल जातं आणि बोटभर तुकड्यालाही डोळा घडवता येतो. रोटाव्हेटर फिरवला की एका वेलीच्या पन्नास होतात. छोट्या बागेत माती सैल करून मुळं हाताने वेचा आणि उन्हात पूर्ण वाळवा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. खोल गेलेली मुळं निघणार नाहीत, त्यांचा कोंब वर आला की दर दोन आठवड्यांनी जमिनीलगत कापत राहा. पानांना मुळाकडे अन्न परत पाठवायला वेळ मिळू द्यायचा नाही. दोन हंगाम न चुकता केलंत तर साठा संपतो. मध्ये महिनाभर खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून.